डावा कोपरा

आमच्या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. ती कुणी ठरवली हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ओसरीवर मधल्या खांबाला टेकून बसायचे ते आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्या डाव्या हाताला माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. पलीकडं आम्ही पोरंटोरं. आत चुलीपुढं माझी आई, आणि चुलीपासून ओसरीपर्यंत ताटं-भाकरी घेऊन ये-जा करायची ती मोठी आई, म्हणजे आप्पांची बायको. भाकरी आईनं थापायची आणि ती वाढायची मोठ्या आईनं, यात कधी फरक झाला नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून आई आप्पांशी एक शब्दही बोललेली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. थोरल्या दिरापुढं यायचं नाही आणि बोलायचं नाही, एवढंच. अगदीच अडलं तर ती दाराआडून मला सांगायची, "इंदे, इचार आप्पांस्नी, आमटी आनू का आजून?" आणि आप्पाही मला सांगायचे, "म्हनावं, बास." दोघांमध्ये तीन-चार हातांचं अंतर असायचं आणि दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू जायचं, पण निरोप्याचं काम मी इमानानं करायचे.

गाव आमचं कोल्हारच्या शिवाराला लागून, प्रवरेच्या पाण्यावर ऊस काढणारं. दिवसभर कुठल्या ना कुठल्या विहिरीवरच्या इंजिनाचा आवाज चालू असायचा, आणि संध्याकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला की शाळेमागच्या मोकळ्या जागेत गडीमाणसं 'हॉलीबॉल' खेळायला जमायची. गावची एकच जाळी आणि एकच चेंडू. दोन्ही आप्पांच्या ताब्यात. आप्पा म्हणजे आमच्या भागातला नावाजलेला गडी. जत्रेत सामने लागले की आसपासच्या गावांतून माणसं त्यांचा फटका बघायला यायची. हाताच्या मुठी जोडून ते चेंडू असा हाणायचे की आवाज आमच्या ओसरीवर ऐकू यायचा. त्या खेळातही जागा ठरलेल्या होत्या. जाळीपाशी मधोमध आप्पा. अगदी मागं डाव्या कोपऱ्यात गणपततात्या नावाचा एक किडकिडीत माणूस. मला कळायला लागल्यापासून मी त्याला त्याच कोपऱ्यात उभा बघितलेला. ती जागा जणू सातबाऱ्यावर त्याच्या नावानं चढलेली होती. ह्या खेळाला शूटिंग म्हणतात आणि खरा व्हॉलीबॉल निराळा असतो, हे मला पुढं राहात्याला कळलं. गावात कुणालाच ते माहीत नव्हतं, आणि आप्पांना सांगणार कोण?

मी सातवीत होते त्या वर्षी वरून हुकूम आला की शाळांच्या स्पर्धांत मुलींचाही संघ पाहिजे. हेडसर घाबरत घाबरत आमच्या ओसरीवर आले. त्यांना वाटलं होतं आप्पा हाकलून देतील. आप्पांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकवतो की. आमची शालन हाय, लई उंच झालीय उगं. तिचा काय तरी उपेग हुईल." शालन त्यांची मुलगी, माझ्याहून वर्षभरानं मोठी पण माझ्याच वर्गात. जाळी पोरींना मिळणार म्हटल्यावर गावातली गडीमाणसं कुरकुरायला लागली. तेव्हा आप्पांनी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला. स्पर्धा होईस्तोवर शाळा सुटल्यावर जाळी पोरींची. जिंकून आल्या आणि नगरच्या सामन्यांना गेल्या, तर पुढंही पोरींची. हरून आल्या तर जाळी परत आणि पोरींनी घरी बसायचं. "हरल्याव पुन्ना हॉलीबॉलचं नाव काढायचं न्हाई," असं ते आमच्याकडं बघून म्हणाले. आम्ही माना डोलावल्या. घरच्यांनी हो म्हटलेल्या आम्ही मोजून सहाच मुली होतो, सातवी नव्हती. नाहीतर मला कुणी घेतलं नसतं.

कारण मी बुटकी आणि माझ्या हातात जोर नव्हता. आप्पांनी मला पहिल्याच दिवशी डाव्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "हितनं हलायचं न्हाई. बॉल घायपातात गेला तर आनायचा." आमच्या मैदानाला घायपाताचं कुंपण होतं आणि चेंडू दिवसातून चार वेळा तरी त्यात जायचाच. माझे हात सदा ओरखडलेले असत. शालन जाळीवर मधोमध, बापाच्या जागेवर, आणि अगदी बापासारखीच दोन्ही मुठींनी हाणायची. जाळी गड्यांच्या उंचीला बांधलेली, तरी तिचे फटके पलीकडं जात. मी मागून तिची वेणी उडताना बघायचे आणि मला खरंच वाटायचं की देवानं काही माणसं जाळीसाठी आणि काही कोपऱ्यासाठी घडवलीत. याचं मला वाईट वाटत नव्हतं. खेळायला मिळतंय हेच पुष्कळ होतं. शाळा सुटल्यावर घरी जाऊन शेण-गोठा करण्याऐवजी उघड्या मैदानात ओरडायला मिळतंय, हे सुख मी जन्मात पहिल्यांदा घेत होते आणि ते जाईल म्हणून रात्री अंथरुणात पडल्या पडल्या स्पर्धेचे दिवस बोटांवर मोजायचे.

स्पर्धेच्या दिवशी आईनं पहाटे दुधातल्या दशम्या केल्या, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. आम्ही सहाजणी, हेडसर आणि आप्पा एस्टीनं राहात्याला निघालो. आप्पांनी जत्रेला घालायचा फेटा बांधला होता. राहाता तेव्हा तालुक्याचं गाव झालेलं नव्हतं, पण आमच्या लेखी ती मोठी बाजारपेठ. स्टँडवर उतरल्या उतरल्या पेरूंचा वास आला. पाट्याच्या पाट्या मांडलेल्या. आप्पांनी आम्हाला पेरू घेऊन दिले, जिंकल्यावर खायचे म्हणून. आणि मग आम्ही मैदानावर गेलो आणि मी जागच्या जागी थांबले. एवढं सपाट, एवढं झाडून काढलेलं मैदान मी पाहिलंच नव्हतं. पांढऱ्या चुन्याच्या रेघा इतक्या सरळ की त्यांच्यावर पाय द्यायला भीती वाटावी. आमच्या मैदानाला रेघ म्हणजे टाचेनं ओढलेला चर. इथं चार बाजूंच्या रेघा, मधली रेघ, आणि जाळीपासून थोड्या अंतरावर दोन्हीकडं आणखी एकेक रेघ. ती कशासाठी ते मला कळेना. एक शिपाई खुणा केलेला बांबू जाळीला लावून उंची मोजत होता. जाळी आमच्या जाळीहून बरीच खाली होती. शालन माझ्या कानात म्हणाली, "इंदे, ह्ये तर कायच न्हाई. डोळं झाकून मारीन."

पण सगळ्यांत मोठं आश्चर्य पुढंच होतं. जाळीच्या एका टोकाला टेबल, टेबलावर बाक आणि त्या बाकावर एक बाई उभ्या होत्या. पांढरं पातळ, पदर घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आधीचा सामना चालू होता. त्यांनी शिट्टी वाजवून नुसता हात एका बाजूला केला की बारा मुली जागच्या जागी थांबत. कडेला उभी असलेली बाप्येमाणसं, मास्तर, सगळे गप्प होत. एक बाई उंचावर उभी आहे आणि तिच्या हाताकडं सगळं मैदान बघतंय, हे दृश्य मी आजही डोळे मिटले की पाहते. पुढं आयुष्यात खूप मोठमोठ्या बायका पाहिल्या, खुर्च्यांवरच्या, मोटारीतल्या. तेवढी उंच मला कुणी वाटली नाही.

आमचा सामना दुपारी होता. त्याआधी पंचबाईंनी नव्या शाळांच्या मुलींना जवळ बोलावलं आणि नियम सांगायला लागल्या. एका बाजूला सहाजणी, तीन पुढं, तीन मागं. तीन टोल्यांत चेंडू पलीकडं. सर्व्हिस आपली असेल तरच गुण मिळतो, पंधरा गुणांचा डाव, तीनपैकी दोन डाव जिंकायचे, चौदावर गाठ पडली तर दोन गुण पुढं जावं लागेल. इथवर ठीक होतं. मग त्या म्हणाल्या, "समोरच्यांची सर्व्हिस तुटून आपल्याकडं आली, की सहाच्या सहाजणींनी एकेक घर फिरायचं, घड्याळाच्या काट्यासारखं. उजवीकडं मागं जी येईल तिनं सर्व्हिस करायची." आमचे चेहरे बघून त्यांना कळलं असणार. त्यांनी आमच्या पिशवीतले सहा पेरू घेतले, टेबलावर तीन पुढं तीन मागं मांडले आणि एकेक करून फिरवायला लागल्या. त्यातल्या एका पेरूला देठाशी पान होतं. मी त्या पानावर नजर ठेवली. तो पेरू डाव्या कोपऱ्यात होता, माझ्या जागी. बाईंनी फिरवलं आणि तो एकदम जाळीपाशी आला. मग मधोमध. मग उजवीकडं. मग मागं जाऊन सर्व्हिसच्या जागी. म्हणजे मी? मी जाळीपाशी? "कोणालाही एका जागी राहता येत नाही," बाई म्हणाल्या. "मागची पुढं येणारच आणि पुढचीला मागं जावंच लागणार." मग जाळीजवळच्या रेघेकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आणि मागच्या ओळीतलीनं या रेघेच्या आत येऊन जाळीवरून फटका मारायचा नाही. तो फटका पुढचीचा."

आप्पा मैदानाभोवती बांधलेल्या दोरीबाहेरून ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरला. हेडसरांना बाजूला घेऊन ते म्हणाले, "ह्यो काय पोरखेळ हाय का? शालन मागं गेली तर म्होरं कोन खेळंल, ही?" ही म्हणजे मी. "परत चला. उगं शोभा नको." हेडसर पिशवी उचलायला लागले. बोलली शालन. बापापुढं मान वर न करणारी शालन खाली बघूनच म्हणाली, "आप्पा, परत गेलो तर जाळी जाईल. पंचमीच्या फेरात न्हाई का फिरत आमी? तसंच हाय." आणि तसंच होतं. नागपंचमीला लिंबाखाली फेर धरून आम्ही लहानपणापासून फिरत आलो होतो, कोण कुणाच्या मागं हे आमच्या पायांना पाठ होतं. आम्ही मैदानाच्या कडेला बाभळीखाली जाऊन तासभर नुसत्या फिरलो, चेंडूशिवाय. मला तर हसूच यायला लागलं. गड्यांचा म्हणून धाकानं बघितलेल्या खेळाच्या पोटात आमचा फेर लपलेला निघाला होता.

पहिला डाव आम्ही हरलो, आणि बराच माझ्यामुळं. मी पहिल्यांदा जाळीपाशी आले तेव्हा समोरच्या मुलीकडं बघत बसले. जाळीच्या चौकोनातून तिचा चेहरा इतका जवळ दिसत होता, तिच्या ओठावरचा घामसुद्धा. कोपऱ्यातून मला नेहमी पाठीच दिसायच्या. इथून सगळं मैदान दिसत होतं, आभाळ दिसत होतं, चेंडू आपल्याकडं येताना दिसत होता. बघण्याच्या नादात दोन चेंडू माझ्या पायाशी पडले. दुसऱ्या डावात मात्र मी सर्व्हिसला आले. हात खालून फिरवून चेंडू उडवला आणि तो जाळीवरून गेला. कुणाला विश्वास बसला नाही, मला तर नाहीच. पुन्हा मारला, पुन्हा गेला. समोरच्या पोरी त्याला फसल्या, कारण त्यात काही जोरच नव्हता. तो जाळी ओलांडून मुकाट खाली यायचा. तो डाव आम्ही घेतला. हल्ली नातीचे सामने टीव्हीवर बघते, आता म्हणे प्रत्येक चेंडूला गुण असतो. असेल बापडा. पण आपली सर्व्हिस येईस्तोवर गुण नाही, नुसतं टिकून राहायचं, यातली धाकधूक त्यात नाही असं मला वाटतं.

तिसऱ्या डावात चौदा-तेरा. आम्ही पुढं. सर्व्हिस आमची आणि सर्व्हिसला शालन. म्हणजे ती मागं उजवीकडं, आणि फिरत फिरत जाळीपाशी मधोमध आलेली मी. एक गुण मिळाला की नगर. एक गुण मिळाला की जाळी आमची. शालनची सर्व्हिस गेली, समोरच्यांनी कशीबशी उचलली आणि चेंडू उंच होऊन आमच्या बाजूला यायला लागला, बरोबर माझ्या डोक्यावर. अगदी सोपा चेंडू. जाळी खाली होती, उडी मारून नुसता पलीकडं ढकलला असता तरी पुरे. मी हात वर केले. मला खरंच वाटलं की हा मी मारणार. तेवढ्यात दोरीबाहेरून आप्पांचा आवाज आला, "इंदे, हट! शालन, म्होरं ये!" तो आवाज आला की आमच्या घरात कुणी विचार करत बसत नसे, आधी ऐकायचं असायचं. मी खाली बसले. शालन मागून धावत आली, रेघ ओलांडून उडाली आणि तिनं असा फटका हाणला की समोरची कुणी हललीसुद्धा नाही. माणसं ओरडली. आप्पांनी फेटा हातात घेतला. आणि मग शिट्टी वाजली. बाईंचा हात समोरच्या बाजूला गेला होता.

सर्व्हिस त्यांच्याकडं गेली. त्यांनी ओळीनं तीन गुण घेतले आणि आम्ही हरलो. ते तीनही चेंडू कुठं पडले ते मला सांगता येणार नाही. आप्पा ताडताड टेबलापाशी गेले. सगळं मैदान बघत होतं. "बॉल आत पडला का न्हाई?" त्यांनी विचारलं. बाई वरूनच म्हणाल्या, "पडला. चांगला पडला. पण मारणारी मागच्या ओळीतली होती. आणि तुम्ही बाहेरून बोललात ते वेगळंच." आप्पा म्हणाले, "माजी पोर हाय ती. म्होरंच खेळती." बाई जराही आवाज न चढवता म्हणाल्या, "गावाकडं खेळत असेल. इथं तिची पाळी मागची होती." आप्पांनी मान वळवून जाळीजवळच्या त्या रेघेकडं बघितलं. मग त्यांनी विचारलं, आणि आता त्यांचा आवाज निराळा होता, "मंग कोनी मारायचा व्हता त्यो?" बाईंनी हातातली शिट्टी माझ्याकडं केली. "हिनं. हिचाच होता तो." आप्पा वळले आणि माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्या घरात जन्मले, त्यांच्या ताटातले घास खाल्ले, पण त्यांनी मला नीट पाहिलं ते त्या दिवशी.

घरी आल्यावर आईला तोंडावरूनच कळलं. मी चुलीपाशी बसून पिशवीतले पेरू काढले, ते खायचे राहूनच गेले होते, आणि हुंदके देत तिला नियम सांगायला लागले. तीन पुढं, तीन मागं, एकेक घर फिरवत. आईचे हात पिठातच थांबले. "म्हंजी ही मागची म्होरं येतीच?" "येतीच." "आन् म्होरलीला मागं जावं लागतं? किती बी चांगली असली तरी?" "जावंच लागतं." तिनं पिठाच्या बोटानं तो पानवाला पेरू स्वतःच पुढं सरकवला, मग आणखी एक घर, मग आणखी. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. "लई शान्या मानसानं केला आसंल ह्यो खेळ," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस जाळी आप्पांच्या बाजेखाली गुंडाळून पडली होती. गडीमाणसं मागायला आली, आप्पांनी त्यांनाही दिली नाही. आम्ही सहाजणी शाळा सुटली की खाली मान घालून घरी यायचो. मग एका संध्याकाळी भोंगा झाला आणि आप्पांनी जाळी खांद्यावर टाकली. "शालन, इंदे, चला. बाकीच्या पोरींस्नी बी हाका मारा." मैदानावर सगळे जमल्यावर ते म्हणाले, "पोरी हरल्या न्हाईत. हरलो मी. जाळी पोरींचीच. भोंगा हुईस्तोवर त्या खेळतील, मागनं आपन. आन् आजपास्नं फिरून खेळायचं." गडी हसले, कुरकुरले. "इंदे, सांग ह्यास्नी," आप्पा म्हणाले. मी सांगितलं. मातीत सहा खडे मांडून फिरवूनही दाखवलं. पहिल्यांदा बाजू फिरली तेव्हा गणपततात्याला पुढं यावं लागलं. तो आला आणि खेळायचं सोडून जाळीला हात लावून बघायला लागला, सुतळीच्या गाठी चाचपायला लागला. चेंडू त्याच्या बाजूनं निघून गेला. कुणी त्याला बोललं नाही. नंतर फिरत फिरत आप्पा डाव्या कोपऱ्यात पोचले आणि पुष्कळ वेळ तिथंच अडकले, कारण सर्व्हिस काही त्यांच्या बाजूला येईना. घायपातात गेलेला चेंडूही त्यांनीच आणला. मी समोरच्या सर्व्हिसच्या जागेमागं उभी राहून बघत होते. कोपऱ्यातले आप्पा एवढेसे दिसत होते.

त्या संध्याकाळी जेवताना ते खांबाला टेकून बसले आणि हातावरचे ओरखडे बघत स्वतःशीच म्हणाले, "आज लई येळ मागं हुतो मी." मोठी आई आमटी वाढत होती. आणि दाराआडून आवाज आला, "फिरंल की बाजू, आप्पा. येईल तुमची पाळी म्होरं."

मला वाटलं निरोप माझ्यासाठी आहे, म्हणून मी सवयीनं आप्पांकडं तोंड केलं. पण त्यात 'इंदे' नव्हतं. आबांचा घास हातात राहिला. मोठी आई पळी धरून तशीच उभी. आप्पांनी ताटातून मान वर केली, दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय बाई. येईल. भाकरी आन एक."

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भाकरी घेऊन स्वतः ओसरीवर आली. मोठ्या आईनं पळी खाली ठेवली, आत गेली आणि आईच्या जागी चुलीपुढं बसली.